गार पाण्यातले बुडबुडे

१९३२ साल होतं. घाटात विजेची इंजिनं सुरू होऊन दोन वर्षं उलटली होती आणि कर्जत स्टेशनाजवळ वाळत घातलेली धोतरं आता संध्याकाळपर्यंत पांढरी राहू लागली होती. मी अठरा वर्षांची होते. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण नवरा मला मिळाला तो आदल्या दिवाळीत.

त्याचं असं झालं. माझे यजमान गिरगावात एका शेठच्या घरी मोटार चालवत. त्यांचं नाव बुधाजी. आता नाव घ्यायला लाजायचं कारण उरलेलं नाही, म्हणून बुधाजीच लिहिते. लग्नानंतर आठव्या दिवशी ते मुंबईला गेले. मग शिमग्याला दोन दिवस आणि गणपतीला चार, असे यायचे. शिमग्याला मिशी असायची, गणपतीला नसायची. तीन वर्षांत मला त्यांचा चेहरा काही पाठ झाला नाही.

मग कर्जतच्या आबाजींनी पुण्याहून एक जुनी मोटार आणली. आबाजी भाताचे व्यापारी. त्यांना कर्जतहून चौक गावावरून खालापूरपर्यंत उतारूंची मोटार चालवायची हौस आली. आगगाडी खोपोलीला जात होती, पण चौकाकडच्या गावांना तिचा काय उपयोग? आबाजींनी बुधाजींना बोलावणं धाडलं. ते ट्रंक घेऊन आले आणि घरी राहू लागले. रोज संध्याकाळी पायरीवर चपला वाजायच्या. मला त्या आवाजाची सवय व्हायला पंधरा दिवस लागले आणि नंतर त्याच्याशिवाय चूल पेटवावीशी वाटेना.

मोटार दहा वर्षांची म्हातारी होती. मूळचं सामान विलायती, पण वरचा सांगाडा आपल्याकडच्या सुताराने बांधलेला. बाकं चौदा जणांची आणि बसायचे बावीस. पुढे पाण्याची जाळीदार टाकी होती. बुधाजी तिला ‘रेडेटर’ म्हणत. त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं, की इंजिनात आग असते, तिच्या भोवतीने पाणी फिरतं, तापतं, मग पुढच्या जाळीत येऊन वाऱ्याने निवतं आणि परत आत जातं. पाणी कमी झालं की उरलेलं उकळतं आणि मोटार बसते.

शिमग्यापासून हे पाणी कमी व्हायला लागलं.

चौकाच्या वाटेवर करवंदीची चढण म्हणून एक चढ आहे. माथ्यावर ठाकरवाडी. तिथल्या ठकीच्या दारात बुधाजी मोटार थांबवत, पाणी बघत, गरज पडली तर तिच्या हंड्यातला तांब्याभर घालत. बदल्यात ठकीची करवंदं, शिकेकाई, जे काय असेल ते कर्जतच्या बाजारात उतरवत. आधी तांब्यावर भागायचं. मग अर्धा हंडा लागायला लागला. मग पूर्ण हंडा, आणि तरी खालापूर यायच्या आत रेडेटरच्या टोपणातून वाफा.

नवल असं की खाली थेंब नाही. मोटार उभी करून बुधाजी तिच्याखाली वर्तमानपत्र पसरत आणि सकाळी ते कोरडं ठणठणीत निघे. तांबटाला बोलावून जाळीला डाग देऊन घेतला. रबराच्या नळ्या बदलल्या. पंखा फिरवणारा पट्टा ओढून बसवला. पाणी जायचं ते जातच राहिलं.

आबाजींचं मत ठरलेलं होतं. “तू दामटतोस बुधाजी. मुंबईची सवय. बैल दामटला की फेस येतो, तशी ही वाफ.”

“आबाजी, बैलागत चालवली तर खालापूर उद्या येल.”

“उद्या आलं तरी चालेल, पण वाफ नको. वैशाखात माझ्या भाच्याचं लग्न आहे. वऱ्हाड ह्याच मोटारीने खालापुरास न्यायचं आहे, भर उन्हात. त्या दिवशी ही बया उकळली तर दुसऱ्या दिवशी पनवेलच्या भंगारवाल्याला देतो. सांगून ठेवतो.”

त्याच आठवड्यात गिरगावच्या शेठचं कार्ड आलं. मी मराठी चौथी झालेली, घरातली कार्डं मीच वाचायची. नवी मोटार घेतली आहे, तुझी जागा वैशाखअखेरपर्यंत धरून ठेवतो, ये. मी मोठ्याने वाचलं. सासूबाई, म्हणजे आमच्या धोंडूबाईआत्या, तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

“मोटार गेली की हा जानार,” त्या म्हणाल्या.

मी कार्ड पिठाच्या डब्यामागे ठेवलं. मला मोटारीतलं काही कळत नव्हतं, पण तिचं पाणी राहिलं तर माझा संसार कर्जतात राहणार आणि गेलं तर शिमगा नि गणपती, एवढं कळत होतं.

आता माझा मूर्खपणा सांगते. कल्पना आत्यांची, पण गळी उतरवली मी.

आमच्याकडे नवं मडकं आणलं की त्यात आधी तांदळाची पेज शिजवतात. नव्या मडक्याला बारीक भोकं असतात, ते घाम गाळतं. पेजेने ती बुजतात. आत्या एका रात्री जेवताना म्हणाल्या, “तुजं मडकं लोकंडाचं, एवडंच. घाम गाळतं म्हनतोस ना? मंग पेज घाल की त्यात.”

बुधाजी हसले. “आये, मोटारीला काय भात घालू?”

पण मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, मी दोन दिवस त्यांच्या कानाशी तेच लावलं. “अवो, दिसत नाय अशी गळती हाय तर दिसत नाय अशी भोकं असतील. पेजेला ती सापडतील. बिघडतंय काय?” शेवटी कंटाळून ते म्हणाले, “दे बाई.” मी जाड्या तांदळाची पेज केली, फडक्यातून दोनदा गाळली आणि बुधवारी सकाळी दोन तांबे रेडेटरात गेले.

बुधवारी पाणी जेमतेम तांब्याभर उतरलं. गुरुवारी तेवढंच. मी घरात राणीसारखी वावरत होते. आत्या शेजारणींना सांगत होत्या की इंग्रजाला मोटार करता आली, पण मडकं राखता आलं नाही.

शुक्रवारी आबाजी स्वतः पुढे बसले. खालापूरच्या कचेरीत त्यांचं काम होतं. अंगात नवा काळा कोट. मी तिथे नव्हते, पण हा प्रसंग मला निदान दहा जणांनी दहा तऱ्हांनी सांगितला. करवंदीच्या चढणीवर अर्ध्यात मोटारीने टोपण उडवलं आणि पाण्याऐवजी वर आला तो पांढराशुभ्र फेस. भात उतू जातो तसा. वाऱ्याने तो मागे आला आणि आबाजींच्या कोटावर, मिशीवर, टोपीवर बसला. मागच्या बाकावर विठू सोनावळे म्हणून एक थट्टेखोर भाजीवाला होता. तो ओरडला, “आबाजी, बोटाला लागली तर चाखून बघा. मीठ कमी हाय का?”

आबाजींनी खरंच बोट नाकाशी नेलं. “बुधाजी, हिच्यात काय शिजवलंस तू?”

“पेज हाय. मी घातली,” बुधाजी म्हणाले.

“कोणाच्या अकलेने?”

“माज्याच.”

उतारू चालत गेले. आबाजीही चालत गेले. मोटार दोन बैलांच्या मागे बांधून कर्जतला आली. आबाजींनी सांगितलं, येत्या गुरुवारी लग्न, तोवर फेरी बंद, आणि गुरुवार ही हिची शेवटची संधी.

संध्याकाळी मी विचारलं, “माजं नाव का नाय घेतलंत?”

“तुजं नाव घेऊन मोटार गार झाली असती व्हय?” ते म्हणाले आणि जेवायला बसले. जेवणात भात होता. दोघांनीही तिकडे बघणं टाळलं. मग ते आधी हसले, मग मी.

पण हसून काय होणार? पाच दिवस उरले होते.

शनिवारी सकाळी मी कोणाला न विचारता रुळापलीकडे नागूमामांच्या घरी गेले. नागूमामा रेल्वेच्या शेडात तीस वर्षं वाफेच्या इंजिनांच्या बॉयलरवर होते. विजेची इंजिनं आली तसं त्यांना घरी बसवलं होतं. तेव्हापासून ते लोकांचे पाणी तापवायचे बंब दुरुस्त करत आणि विजेला शिव्या देत. मी गेले तेव्हाही एका बंबात हात कोपरापर्यंत होता.

“बुधाजीची बायको ना गं तू? पेजवाली?”

म्हणजे गावभर झालं होतं. मी म्हटलं, “व्हय. मामा, तुमी येऊन बघा.”

“मला मोटारीतलं कळत नाय. ते बापयांनी यायचं सोडून बायकांना का धाडलं?”

“बापये लाजतात म्हनून मी आले. आनि मोटारीतलं नाय कळलं तरी चालेल. पानी नि आग, एवडंच हाय तिच्यात.”

त्यांनी हात बाहेर काढला आणि पुसला. “कोन म्हनलं तुला असं?”

“आमचे हे.”

“मंग तो अगदीच गाढव नाय,” ते म्हणाले आणि पागोटं शोधायला लागले.

रविवारचा पूर्ण दिवस पेज काढण्यात गेला. नागूमामांनी धुण्याचा सोडा मागवला, मी घंगाळभर पाणी तापवलं. त्यांनी रेडेटर सोडवून उलटा धरायला लावला आणि खालच्या तोंडातून सोड्याचं कढत पाणी ओतलं. वरच्या तोंडातून आली ती माझी पेज, गंजाने तांबडी झालेली, आणि तिच्याबरोबर चुन्यासारखी खपली. सात वेळा ओतलं तेव्हा स्वच्छ पाणी यायला लागलं.

“पेजेनं गळती बुजली नाय, वाटा बुजल्या,” ते म्हणाले. “हे झालं तुमचं पाप. आता मूळ दुखणं. ती तापते का, हे मला नंतर सांगा. पानी जातं कुटं, ते आदी.”

“तेच तर कळत नाय,” बुधाजी म्हणाले.

“पानी तीनच ठिकानी जाईल. भुईवर, नायतर तेलात, नायतर आगीत. चौथी जागा देवानं केली नाय.”

आधी भुईवरचं तपासलं. नागूमामांनी माझ्याकडून चुलीतली चाळलेली राख मागून घेतली. रेडेटराचे सांधे, नळ्यांची तोंडं, पाण्याच्या पंपाची मान, सगळीकडे ती भुरभुरवली. शेडात ते बॉयलरला असंच करत. कोरड्या राखेवर ओल लपत नाही. मग इंजिनातलं तेल मोजायची पट्टी बाहेर काढून तिच्यावरचं तेल बोटांवर चोळलं. तेलात पाणी गेलं तर ते ताकासारखं होतं म्हणाले. तेल काळं नि निव्वळ होतं.

सोमवारी मोटार नुसती करवंदीच्या माथ्यापर्यंत न्यायची ठरली. नागूमामा म्हणाले, “हिलाबी घ्या. चार डोळे जास्त बरे.” आत्यांनी डोईवरचा पदर सारखा कर एवढंच सांगितलं. मी पहिल्यांदा त्या मोटारीत पुढे बसले. चढण संपेपर्यंत वाफ आली, पण पेज काढल्यामुळे टोपण उडालं नाही. माथ्यावर इंजिन निवू दिलं, मग टोपण उघडलं. हंड्यातला निम्मा भाग आत गेला. राख मात्र सगळीकडे कोरडी.

नागूमामा फुंकर मारून मारून बघत होते. ठकी दाराशी बसून करवंदांची देठं काढत होती. ती माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी, कमरेला पोर, तोंडाने फटकळ.

“काय शोधता रं पुढनं?” ती म्हणाली. “ती मागनं मुतते.”

“काय?”

“इथं तासभर उभी असते ना, मंग हँडल मारता तवा मागच्या नळीतून पानी थुंकते. माज्या कोंबड्या जाऊन पितात. मंग पांढरा धूर.”

बुधाजी म्हणाले, “ठके, सगळ्याच मोटारी पहिल्यांदा थोडं पानी टाकतात. थंडीनं साचतं नळीत.”

“असं? आनि थंडी कुटं हाय रं? मला पन दाखव.”

ऊन असं होतं की दगडावर पाय ठेववत नव्हता. नागूमामा ताठ उभे राहिले. त्यांनी बुधाजींना हँडल मारायला सांगितलं आणि स्वतः मागच्या नळीपुढे तळवा धरून बसले. तळवा ओला झाला. त्यांनी तो हुंगला, जिभेला लावला, थुंकले.

“पेजेची चव हाय का मामा?” मी विचारलं. मला राहवलं नाही.

“सोड्याची हाय,” ते म्हणाले. “आपन काल घातलेला सोडा. हे थंडीचं पानी नव्हं. आतलं पानी आगीत चाललंय. पन कुटून, ते उद्या. आज ती तापली हाय, तापलेलं पानी खोटं बोलतं.”

रात्रभर मी ‘तापलेलं पाणी खोटं बोलतं’ यावर विचार करत होते. पटलं नाही, पण विसरलंही नाही.

मंगळवारी उजाडताच नागूमामा हजर. मोटार रात्रभर निवली होती. रेडेटर काठोकाठ भरला आणि टोपण लावलंच नाही. त्यांनी मला दाराखालच्या पायपट्टीवर उभं केलं, कारण त्यांना जवळचं दिसत नसे आणि बुधाजी हँडलवर.

“तोंडात बघत राहा. काय दिसेल ते बोल. हुशारी करू नको.”

बुधाजींनी हँडल मारलं. मोटार सुरू झाली.

“पानी हलतंय,” मी म्हटलं.

“मंग?”

“बुडबुडे येतात. बारीक. आता मोठे. एकामागनं एक, आधणाला येतात तसे.” आणि मग माझं मलाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आधण ठेवलं की किती वेळ वाट बघावी लागते, हे मला कोणी शिकवायला नको. मी बोट आत बुडवलं. “मामा, पानी गार हाय. विहिरीच्या पान्यासारकं गार. गार पान्याला आधणाचे बुडबुडे कशे येतील?”

“पुन्ना बोट घाल.”

“गारच हाय.”

“बंद कर!” नागूमामा एवढ्याने ओरडले की आत्या झाडू घेऊन बाहेर आल्या. “बुधाजी, सापडली. आगीची हवा पान्यात घुसते. जिथून हवा पान्यात येते, तिथूनच मोटार बंद झाली की पानी आगीत जातं. सायकलीचं पंक्चर पान्यात धरून बघतात ना, तसं. डोकं खोल हिचं.”

इंजिनाचं डोकं, म्हणजे वरचं लोखंडी झाकण, नऊ वाजेपर्यंत उतरलं. त्या झाकणाखाली तांब्याच्या पत्र्यात मऊ भरण घातलेलं एक पॅकिंग असतं, आग आणि पाणी वेगळं ठेवणारं. त्यात दोन भोकांच्या मधे तांदळाच्या दाण्याएवढी जागा जळून काळी झाली होती. एवढीशी. मी ती बघितली आणि मला रागच आला.

नागूमामांनी विचारलं, “ही कधी कोरडी पडून तापली होती? आनि तापलेली असताना कोनी गार पानी ओतलं?”

बुधाजी नट पुसत राहिले. आबाजी बातमी ऐकून आले होते, भिंतीशी उभे होते. मग खाकरून म्हणाले, “माघात. मला मामलेदारांपुढे वेळेवर पोचायचं होतं. हा म्हणत होता, निवू द्या. मीच हंडा उचलला.”

“डायवर दामटत नव्हता तर,” नागूमामा म्हणाले.

“बरं बरं,” आबाजी म्हणाले. “पॅकिंग मिळतं कुठे?”

ते मुंबईतच मिळणार होतं. बुधाजींनी जळकं पॅकिंग मापासाठी दोन फळ्यांच्या मधे ठेवलं, माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलं आणि अकराच्या गाडीने निघाले. संध्याकाळी दुकानं शोधायची, रात्री मुक्काम, बुधवारी दुपारपर्यंत परत. मुक्काम कुठे, ते मी विचारलं नाही. मुंबईत त्यांना पाठ टेकायला एकच जागा होती, शेठच्या बंगल्यामागची खोली. आत्या म्हणाल्या, “नवी मोटार बगून येल तो.” त्यांनी ते वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. त्या रात्री त्यासुद्धा नीट जेवल्या नाहीत.

बुधवारी दुपारी मी स्टेशनवर गेले नाही. बायकांनी जायची पद्धत नव्हती. मी अंगणात चारदा झाडलेली जागा पाचव्यांदा झाडत होते तेव्हा ते आले. काखेत तोच बोजा.

“गाडीत एक म्हातारी होती,” ते म्हणाले. “फळ्यांवर फडकं बांधलेलं बगून तिला वाटलं देवाची तसबीर हाय. ठाण्यापर्यंत हात जोडून बसली. मी काय बोललो नाय.”

“शेठ भेटले?”

“भेटले. नवी मोटार दाखवली. झकास हाय. हँडल मारावं लागत नाय, बटन दाबलं की सुरू.”

“मंग?”

“मंग काय? म्हटलं शेठ, जागा धरून ठेवू नका.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “अवो, पन ही नीट झाली नाय तर?”

“तर नाय झाली. भात लावू, गवत कापू. बैलगाडी हाकीन.” ते पायरीवर बसले आणि पायांवर पाणी घालायची खूण केली. “तीन वर्षं त्या खोलीत राहिलो. काल तिथं झोपलो तर झोप लागली नाय मला. जा, नागूमामांना बोलाव.”

पॅकिंग बसवताना नागूमामांनी दोन्ही बाजू आरशासारख्या पुसून घेतल्या. नट आवळायची त्यांची एक रीत होती. मधला आधी, मग त्याच्या दोन्ही अंगांचे, मग बाहेरचे, आणि प्रत्येक थोडा थोडा, पूर्ण एकदम कधीच नाही. भाकरी मधून कडेकडे थापतात, तसं. इंजिन तापवून नटांवर परत एकदा तसाच फेर मारला. मग गार होऊ दिलं, टोपण काढलं आणि मला पायपट्टीवर उभं केलं.

“काय दिसतं?”

“पानी.”

“आनि?”

“माजं तोंड.”

बुडबुडा एक नव्हता. तरी नागूमामा म्हणाले, “चढणीवर खरं कळेल. उद्या वऱ्हाड घेऊन जा, आनि एवडं माजं ऐक. वाफ दिसली की निवू द्यायचं, मग आबाजी काय, गव्हर्नर का ओरडेना.”

गुरुवारी मुहूर्त गोरजाचा, म्हणून वऱ्हाड दुपारी दोनला निघालं. बावीसच्या जागी सत्तावीस बसले. नवरदेव मधे, मुंडावळ्या वाऱ्याने तोंडात जात होत्या. मलाही बोलावणं होतं, मी करवल्यांत बसले. आबाजी पुढे, कोट घरी ठेवून आले होते. चढणीच्या पायथ्याशी गाणी थांबली. कोणी थांबवली नाहीत, आपोआप थांबली. सगळ्यांना ठाऊक होतं. मी पुढच्या टोपणावर डोळे लावले होते. ते थरथरत होतं, पण त्याच्याभोवती काही दिसत नव्हतं. अर्धी चढण. पेज उतू गेली ती जागा. मागून विठू सोनावळे बारीक आवाजात म्हणाला, “आबाजी, आज उपास दिसतो हिचा.” कोणी हसलं नाही. माथा आला.

ठकी हंडा भरून दारात उभी होती. बुधाजी उतरले, थोडं थांबले, फडकं धरून टोपण फिरवलं. पाणी काठापाशी होतं. बोटभरच खाली.

“नको काय रं?” ठकीने विचारलं.

“नको.”

“मंग हे वऱ्हाडाला पाज. मी काय परत ओतू व्हय विहिरीत?”

सत्तावीस जण ते पाणी प्याले. मग ठकी मोटारीच्या मागे गेली, वाकून नळीकडे बघितलं आणि आम्हाला ऐकू जाईल अशी म्हणाली, “कोंबड्यांचं नुकसान झालं.”

आबाजी म्हणाले, “बुधाजी, शनिवारपासून फेरी सुरू.” एवढंच. मग मागून गाणी परत सुरू झाली आणि खालापूर येईपर्यंत थांबली नाहीत.

आबाजींनी ती मोटार लढाईत पेट्रोल मिळेनासं होईपर्यंत चालवली. नंतर मागे कोळशाच्या गॅसची टाकी बसवून आणखी दोन वर्षं. पुढे एस. टी. आली तेव्हा ते पुन्हा निव्वळ भाताचे व्यापारी झाले आणि १९५१ साली वारले. भाचा खालापुरात सासऱ्याच्या दुकानात बसला. त्याच्या बायकोला तो दिवस आठवायचा, कारण तिच्या घरी वऱ्हाड वेळेवर आलेलं ते पहिलंच लग्न होतं.

नागूमामांनी बंब सोडले. साठीच्या घरात ते मोटार मिस्त्री झाले, नेरळपासून चौकापर्यंतची माणसं त्यांना बोलवायला यायची. विजेला शिव्या देणं मात्र सुटलं नाही. १९४३ साली पावसाळ्यात तापाने गेले. त्यांची हत्यारं बुधाजींकडे आली.

विठू सोनावळे भाजी विकत म्हातारा झाला आणि मुलाकडे कल्याणला गेला. पुढचं मला ठाऊक नाही.

ठकीचा मुलगा पोशा रस्त्याच्या कामावर मुकादम झाला. तिच्या दारात एस. टी. थांबायला लागली आणि कंडक्टर त्या थांब्याला ठकीचा माथा म्हणायचे. ती माझ्याकडे दर श्रावणात रानभाजी घेऊन यायची, शेवटी शेवटी काठी टेकत. ती गेली त्या वर्षी निरोप उशिरा पोचला, मला जाता आलं नाही.

धोंडूबाईआत्यांनी तीन नातवंडं पाहिली, चौथं मांडीवर घेतलं आणि एका दुपारी झोपेत गेल्या.

बुधाजी १९४९ पासून एस. टी.त होते. वीस वर्षांत त्यांची बहुतेक ड्यूटी कर्जत, खोपोली, पनवेल अशीच पडली, म्हणजे जेवायला घरी. निवृत्त झाल्यावर सकाळी अंगणात बसून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज ऐकून कोणतीचं काय दुखतंय ते मला सांगत बसायचे. गेले त्याला अकरा वर्षं झाली. मी धाकट्याकडे असते, कर्जतातच, स्टेशनच्या अलीकडच्या बाजूला.